खटका का पडतो?

चाळीत दिवे गेले की आम्ही आधी गॅलरीत येऊन शेजारी बघत असू. सगळीकडे काळोख असला तर काळजी नसे. लाईट गेली आहे, येईल तेव्हा येईल. पण शेजाऱ्याचा बल्ब जळतो आहे आणि आपल्याच खोलीत अंधार आहे, असे दिसले की फ्यूज उडाला हे समजायचे. जिन्याखाली लाकडी फळीवर सगळ्या मजल्याचे मीटर, आणि मीटरच्या खाली पांढऱ्या चिनी मातीचे कटआउट. एकाने मेणबत्ती धरायची, दुसऱ्याने कटआउट उपसायचा आणि जळालेली तार काढून नवी तार बांधायची. तार किती जाडीची हवी हे कोण बघतो! जुन्या वायरीतले तांब्याचे चार केस ओढून काढायचे आणि पिळून लावायचे. पुन्हा उडाला तर सहा केस पिळायचे. "आता जन्मात उडणार नाही," असे सांगून तो माणूस हात झटकायचा आणि आम्ही त्याला चहा पाजायचो.

खरोखरच तो फ्यूज मग उडत नसे. त्याऐवजी भिंतीतली वायर तापत असे. दर दोन-चार वर्षांनी चाळीत कुठल्या तरी खोलीत वायर जळाल्याचा वास सुटायचा आणि सगळे मेन स्विचकडे धावायचे. फ्यूज हा घरातला सगळ्यांत कमजोर दुवा असावा म्हणूनच लावलेला असतो. तो आधी जळतो, म्हणून बाकीचे वाचते. आम्ही तोच दुवा सगळ्यांत मजबूत करून ठेवत होतो.

२०१६ साली आम्ही चाळीतून सातव्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आलो. इथे चिनी मातीचे कटआउट नाहीत. दरवाज्याच्या वर प्लॅस्टिकचे एक खोके आहे, त्यात ओळीने काळे खटके. चार बारीक आणि एक रुंद. रुंद खटक्यावर एक छोटे बटण असून त्यावर इंग्रजी 'टी' अक्षर आहे. चावी देणाऱ्या माणसाने नळ कुठून बंद करायचा ते दाखवले, कचरा कुठे टाकायचा ते दाखवले. या खोक्याबद्दल मात्र तो काही बोलला नाही, आणि कोणी विचारलेही नाही. सगळी इमारत त्या सगळ्या खटक्यांना 'एमसीबी' म्हणते. "एमसीबी पडली" म्हटले की स्टुलावर चढायचे आणि पडलेला खटका वर करायचा, एवढेच सगळ्यांना ठाऊक.

आमचे घर चौघांचे. आम्ही दोघे, आई आणि दहावीतली मुलगी. आमच्यापैकी एकाची पहिली पाळी असते, दुसरीला दोन घरचा स्वयंपाक असतो. मुलगी शाळेत गेली की साडेसात ते दीड या वेळात आई एकटी. तिला साखरेचा आजार आहे आणि गेली सहा वर्षे ती दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेते. भिशीचा नंबर लागला तेव्हा आम्ही फ्रिज घेतला तो दूध-भाजीसाठी. आता त्याच्या दारातल्या वरच्या कप्प्यात इन्सुलिनच्या बाटल्या असतात आणि घरातले कोणीही त्या कप्प्यात दुसरे काही ठेवत नाही.

२०२४ च्या जुलैत, पावसाने जोर धरला त्या आठवड्यात, आमचा रुंद खटका पडू लागला. बारीक एखादा पडला असता तर फक्त स्वयंपाकघर बंद झाले असते. रुंद पडला की पंखा, दिवे, फ्रिज, सगळेच बंद. वर केला की राहायचा. तासन् तास काही नाही, आणि मग पुन्हा ठक्क.

पहिले दोन दिवस प्रत्येकाने आपापला चोर पकडला. आई म्हणाली मिक्सर, कारण त्या दिवशी चटणी वाटताना त्याचा वास आला होता. मुलगी म्हणाली पाऊस. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर काम चाललंय, त्यांनी काही तरी केलं असणार." आमचा संशय मोरीतल्या गिझरवर होता. एका संध्याकाळी घरी आलो तर आई घामाघूम होऊन दारात बसलेली. खटका सकाळी साडेनऊलाच पडला होता. तिने स्टूल लावले, वर चढली, हात पुरला नाही, खाली उतरली. एक्काहत्तर वर्षांची बाई, एकटी, स्टुलावर. फ्रिजमधले दूध नासले ते नासले, पण तिने त्या कप्प्यातली बाटली काढून आम्हाला दाखवली आणि विचारले, "हे पण नासलं का रे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलो, ते इथेच सांगतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशात, म्हणजे फ्रिजमध्येच ठेवायचे. पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, गोठले की ते फेकूनच द्यायचे. वापरायला काढलेली बाटली मात्र उन्हापासून दूर, थंड जागेत साधारण चार आठवडे चालते. नेमके किती दिवस आणि किती गरमीत ते बाटलीबरोबरच्या कागदावर छापलेले असते. फ्रिज नसलेल्या घरांनी मातीच्या मडक्याची युक्ती करावी. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके आणि त्यात कोरड्या डबीत बाटली, वरून झाकण. वाळू रोज ओली करायची. आमची उघडलेली बाटली त्या आठवडाभर अशाच मडक्यात राहिली आणि न उघडलेल्या दोन आक्कांच्या फ्रिजमध्ये.

तिसऱ्या दिवशी नाक्यावरचा एक मेकॅनिक बोलावला. त्याने खोके उघडले, रुंद खटक्यावर बोट टेकवले आणि म्हणाला, "हाच खराब आहे. पावसात हे असंच करतात. काढून डायरेक्ट करून देतो, दोनशे रुपये. कायमची कटकट मिटेल." नवा टाकायचा तर बरेच पैसे लागतील, असेही त्याने सांगितले. आमच्या विंगेत अशी पाच-सहा घरे त्यानेच डायरेक्ट करून दिली होती. कोणाची तक्रार नव्हती.

आम्ही त्याला थांबवले. त्याला कारण चाळीतले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच पावसात आमच्या मागच्या खोलीतली बाई लोखंडी तारेवर कपडे वाळत घालायला गेली. तारेचे एक टोक पत्र्याच्या छपराला बांधलेले, आणि त्या पत्र्याला कोणाची तरी घासलेली वायर टेकलेली. फ्यूज उडाला नाही. दिवा मंद झाला नाही. कोणालाही काही कळले नाही, तिची पोर ओरडली तेव्हा कळले. तिचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. "फ्यूज कसा उडाला नाही?" हे आई त्या दिवसापासून विचारत आली आहे. या जुलैत आम्हाला उत्तर मिळाले.

ते आम्हाला दुसऱ्या विंगेतल्या काकांनी दिले. काका आयटीआय झालेले, अडतीस वर्षे वायरमनकी करून निवृत्त झालेले. त्यांनी खोक्याकडे बघायच्या आधी मुलीला कागद-पेन्सिल आणायला सांगितले.

बारीक खटका म्हणजे एमसीबी. तो वायरीचा राखणदार. आमच्या स्वयंपाकघराचा १६ अँपिअरचा आहे. वायरीतून फार जास्त प्रवाह गेला किंवा शॉर्टसर्किट झाले तर तो पडतो. पण माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. आणि माणसाला? दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताची बोटे आवळली जातात, धरलेली वस्तू सोडवत नाही. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. नऊ वॅटच्या साध्या एलईडी बल्बातून जातो त्याहूनही हा प्रवाह कमी आहे. त्या बाईच्या वेळी फ्यूजच्या दृष्टीने चाळीत काही घडलेच नव्हते.

रुंद खटका वेगळा. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. तो फेज आणि न्यूट्रल या दोन तारांचा हिशेब ठेवतो. एका तारेने जेवढा प्रवाह घरात आला तेवढाच दुसरीने परत गेला पाहिजे. तीस मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्या कुठल्या वाटेने, फ्रिजच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे, की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सगळे बंद करतो. वाण्याच्या वहीत तीस पैशांची चूक निघाली म्हणून दुकानच बंद करावे, तसा. काकांनी आणखी एक बजावले. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर हिशेब जुळतो, आणि हा खटका पडत नाही. तेव्हा तो आहे म्हणून उघड्या तारेशी खेळायचे नाही.

"रुंद पडतो म्हणजे घरात कुठेतरी गळतंय," काका म्हणाले. "राखणदार भुंकतो म्हणून त्याला मारून टाकायचं, का चोर शोधायचा?"

चोर शोधायची रीत सोपी आहे, धीर मात्र लागतो. घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग उपटून काढायचे. भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. आपल्या बटणाने फक्त फेजची तार तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वस्तूच्या आत न्यूट्रल तार पत्र्याला टेकली असेल तर बटण बंद असतानाही ती रुंद खटका पाडू शकते. म्हणून प्लगच बाहेर. सगळे काढूनही खटका राहत नसेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये. तिथे आपण हात घालायचा नाही, वायरमन बोलवायचा. खटका राहिला तर एकेक वस्तू लावत जायचे. जिच्या प्लगने पडला ती गुन्हेगार. कधी एकटी वस्तू गुन्हेगार नसते, हेही ध्यानात ठेवावे. मिक्सर थोडे गळतो, गिझर थोडे गळतो, धुण्याचे यंत्र थोडे गळते, आणि सगळ्यांची बेरीज खटका पाडते.

आमच्याकडे सगळे प्लग काढले, खटका राहिला. मिक्सर लावला, राहिला. गिझर लावला, पाणी तापवले, राहिला. इस्त्री, टीव्ही, फ्रिज लावले. सगळे लागले तरी खटका आपला वरच. आईने मिक्सरची क्षमा मागितली, पण चोर काही सापडला नाही. आणि रात्री जेवणे झाल्यावर पुन्हा ठक्क.

इथे पोरगी कामाला आली. ती पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीने वेळा लिहीत होती. दुपारी अडीचला पडला, लगेच वर केला. रात्री पावणेनऊला पडला. शोधाशोध करून नऊला वर केला. पहाटे सव्वातीनला पडला, पंखा थांबून सगळे जागे झाले, साडेतीनला वर केला. सकाळी पावणेदहाला पडला. आम्ही घड्याळाच्या वेळा जुळवत होतो आणि त्या जुळत नव्हत्या. तिने वजाबाकी केली. खटका वर केल्यापासून पुन्हा पडेपर्यंत प्रत्येक वेळी सुमारे सव्वासहा तास. "बाबा, काही तरी सहा तासांनी सुरू होतं," ती म्हणाली. आमच्या घरात आपणहून सुरू होणारी आणि आपणहून बंद होणारी वस्तू एकच आहे.

काकांना फोनवर सांगितले तर ते हसले आणि म्हणाले, "तिला माझी पक्कड देऊन टाकतो."

फ्रिज दोन प्रकारचे. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फ साचतो आणि आपण बटण दाबून तो वितळवतो. आमचा दोन दारांचा, बर्फ न साचणारा. पण बर्फ साचत नाही म्हणजे तिथे जादू नसते. वरच्या कप्प्याच्या मागच्या पत्र्याआड थंड नळ्यांवर बर्फ साचतोच. काही तासांनी तिथला एक हीटर आपोआप सुरू होतो आणि तो वितळवतो. पाणी एका नळीतून मागे खालच्या ताटलीत उतरते आणि तिथे सुकून जाते. आमच्या फ्रिजचा मेंदू वीज गेली की तास पहिल्यापासून मोजतो, म्हणून खटका वर केल्यापासून सहा तास. प्लग लावल्या लावल्या हीटर चालूच होत नाही, म्हणून आमच्या तपासणीत फ्रिज निर्दोष सुटला. ओव्हन, राईस कुकर, पाण्याचा रॉड यांचा दोष लगेच दिसतो. फ्रिजला वेळ द्यावा लागतो.

खात्रीसाठी काकांनी एक रात्र फ्रिजचा प्लग काढून ठेवायला सांगितले. दूध-भाजी आक्कांकडे गेली. त्या रात्री आम्ही किती तरी दिवसांनी सलग झोपलो, पंखा एकदाही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बाकी सगळे काढून फक्त फ्रिज लावला. सहा तास, मग पाच मिनिटे, दहा मिनिटे, आणि खटका पडला. आई म्हणाली, "घड्याळ लावून ठेवल्यासारखा."

रविवारी काका मेगर घेऊन आले. ते खोके ५०० व्होल्ट सोडून तार आणि पत्रा यांच्यामधली अडचण मोजते. काट्याने एक मेगोहमच्या वर दाखवले तर ठीक धरतात. कॉम्प्रेसर ठीक निघाला. मागचा पत्रा उघडून हीटरची टोके मोजली तर काटा जवळजवळ शून्यावर. हीटरच्या टोकाचे रबर फाटले होते आणि वितळलेले पाणी आत शिरत होते. हीटर तापायचा, बर्फ वितळायचा, पाणी त्या फटीत जायचे आणि वीज पत्र्यावर यायची. पत्र्यावरून ती अर्थिंगच्या हिरव्या तारेने जमिनीत जायची आणि रुंद खटका पडायचा. हीटर आणि मजुरी मिळून अठराशे रुपये गेले. काकांनी स्वतःचे काही घेतले नाही, आईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणावर समाधान मानले.

तो मेकॅनिक आणखी एक उपाय सांगून गेला होता, तो इथे मुद्दाम लिहितो, कारण बऱ्याच घरांत तो केलेला असतो. फ्रिजच्या तीन पिनांतली वरची जाड पिन काढून टाकायची किंवा दोन पिनांचा जोड लावायचा. त्याने खटका पडायचा थांबतो, हे खरे. पण वीज गळायची थांबत नाही. ती जमिनीत जायची वाट बंद झाली म्हणून पत्र्यावरच वाट पाहत उभी राहते. मग ओल्या हाताने, अनवाणी, जो पहिला दार उघडेल तोच तिची वाट. आमच्या घरात पहाटे पहिले दार उघडते आई. ती वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, ती लागताना सगळ्यांत आधी लागावी आणि निघताना सगळ्यांत शेवटी निघावी म्हणून.

पावसाळ्यातले आणखी थोडे. बरेच दिवस माळ्यावर पडलेली विजेची शेगडी, ओव्हन, रॉड काढला आणि लावताच खटका पडला, तर वस्तू लगेच भंगारात देऊ नये. या वस्तूंच्या नळीत तारेभोवती एक पांढरी पावडर ठासलेली असते आणि ती दमट हवेतली ओल पिते. दोन दिवस कडक उन्हात किंवा कोरड्या जागी ठेवून पुन्हा बघावे. पुष्कळदा ती सुधारते. तरीही पडला तर वस्तू दाखवावी. रॉड पाण्यात घालून बटण चालू असताना बोटाने पाणी बघणाऱ्या बहिणींना मात्र हात जोडून सांगणे आहे, आधी प्लग काढा. आणि दाराला, हँडलला नुसत्या मुंग्या आल्या तरी "पावसात होतं असं" म्हणून सोडू नये. कोणी चिकटलेच तर त्याला हाताने ओढू नका, आधी खटका खाली करा.

रुंद खटक्यावरचे 'टी' बटण कशासाठी ते काकांनी जाताना दाखवले. ते दाबले की खटका मुद्दाम थोडी खोटी गळती करतो आणि पडतो. पडला म्हणजे राखणदार जागा आहे. नाही पडला तर बदलायचा. महिन्यातून एकदा दाबावे. आमच्या घरी हे काम पोरीकडे आहे आणि तारीख एक ठरली आहे. आई आधी टीव्ही बंद करते, मग "दाब" म्हणते. स्टुलाऐवजी खोक्याखाली आता पक्के दोन पायऱ्यांचे लाकडी पाट आहे, पण त्यावर चढायची आईला मनाई.

काका आणि पोरगी मिळून ऑगस्टमध्ये आमच्या विंगेतली घरे फिरले. बावीस घरांनी खोके उघडू दिले. सहा घरे डायरेक्ट केलेली निघाली, तीन घरांत बटण दाबून खटका पडला नाही. सहापैकी चार घरांनी पुन्हा जोडून घेतले. त्यांतल्या एका घरात जोडताक्षणी खटका पडला, आणि गळत होता तो मोरीतला गिझर, ज्याच्याखाली दोन लहान पोरे आंघोळ करीत होती. पाचव्या घराने दिवाळीच्या बोनसवर करू म्हणून सांगितले आणि केलेही. सहाव्या घरची माणसे गावाला गेलेली, दाराला कुलूप. आक्कांकडे त्यांचा नंबर आहे.